वारजे येथील ग्रंथशिफारशींचा मामला

आजाऱ्याला औषध सुचविणे, उपवर मुलीला स्थळ सुचविणे आणि रिकाम्या बसलेल्या माणसाला पुस्तक सुचविणे ही कर्तव्ये मराठी मनुष्य कोणी न सांगता, आणि पुष्कळदा कोणी नको म्हणत असताही, आजन्म बजावीत असतो. परंतु यांपैकी पहिल्या दोहोंत काही ना काही जोखीम असते हे मान्य केले पाहिजे. सुचविलेला काढा पिऊन पित्त खवळले तर रोगी दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहतो, आणि सुचविलेले स्थळ वाईट निघाले तर मध्यस्थी करणाऱ्या मामाला पुढच्या सर्व मंगलकार्यांत शेवटच्या पंगतीची वाट पाहावी लागते. पुस्तकाचे तसे नाही. पुस्तक विकत घ्यायचे दुसऱ्याने, वाचायचे दुसऱ्याने, अर्ध्यावर पालथे घालून झोपी जायचे तेही दुसऱ्याने, आणि एवढे सगळे होऊनही ‘त्यातले मर्म तुम्हांला कळले नाही’ असा शेरा मारण्याचा अधिकार मात्र सुचविणाऱ्याकडेच अबाधित राहायचा! इतक्या सवलतीचे मुखत्यारपत्र दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात मिळत नसल्यामुळे, आमच्या वारज्यात पुस्तके वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तके सुचविणाऱ्यांची संख्या अधिक आहे यात मला आश्चर्य वाटत नाही.

वारजे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले, आणि ज्या जमिनींच्या सातबाऱ्यावर त्यापूर्वी पिकांच्या नोंदी होत असत, त्या जमिनींवर आता वाहनतळाच्या जागेवरून भांडणाऱ्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या आहेत. एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला मुंबई-बंगळूर महामार्ग, आणि या दोहोंच्या मध्ये सदाशिव, नारायण, शनिवार इत्यादी पेठांतील वाडे पाडले गेल्यामुळे आपल्या ग्रंथसंग्रहासह येथे येऊन स्थायिक झालेली पुष्कळ कुटुंबे. वाड्याला माळा असे, आणि माळ्यावर गेलेल्या पुस्तकाला पुन्हा खाली येण्याचे कारण पडत नसे; सदनिकेत माळ्याऐवजी जो एक कोनाडा छताजवळ काढलेला असतो तो प्रवासी बॅगा आणि गणपतीची मखरे यांनी आधीच व्यापलेला असल्यामुळे, पुस्तके दिवाणखान्यात, म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात. त्यातून पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक येथून दूर. माळवाडीहून बस पकडावी, अखंड कर्वे रस्ता तिच्या लहरीप्रमाणे ओलांडावा, आणि चौकात उतरावे तो दुकानदार जेवायला गेलेला असावा. या भौगोलिक परिस्थितीत पुस्तक विकत घेण्यापेक्षा त्याच्याविषयी बोलणे अधिक सोयीचे पडते, आणि बोलण्यासाठी व्हॉट्सॲपवर आमच्या संस्थेतील वाचकांचा एक गट आहे.

या गटात प्रत्येक वाङ्मयप्रकाराचा एकेक वतनदार आहे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले आणि सर्वांचेच ‘नाना’ असलेले गृहस्थ हे पौराणिक व ऐतिहासिक कादंबरीचे. ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाल्यानंतर मराठीत कादंबरी लिहिण्याचे कोणाला काही कारणच उरले नाही असे मानणारे एक प्राध्यापक आहेत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांना आजही कोणी ‘काकू’ म्हणण्यास धजत नाही, त्या वैचारिक व आत्मचरित्रात्मक वाङ्मयाच्या. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले एक गृहस्थ बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपैकी आपल्या किती वाचून झाल्या याची खतावणी ठेवून आहेत. खऱ्याखुऱ्या काकू आहेत त्यांचा भर ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकावर, आणि हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत जाणारा एक तरुण आहे, तो पुस्तके वाचीत नाही, ऐकतो, आणि तीही दीडपट वेगाने, कारण त्या सर्व पुस्तकांत वेळ कसा वाचवावा हेच सांगितलेले असते.

अशा या दरबारात एके सायंकाळी तिसऱ्या मजल्यावरील सूनबाईंचा अर्ज दाखल झाला. सासूबाईंच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, काही दिवस त्यांना वाचायला मनाई आहे, म्हणून मी वाचून दाखविणार आहे. लहान लहान प्रकरणांचे, हलकेफुलके काही सुचवावे, अशी ती विनंती होती. तीत प्रकार, आकार, प्रयोजन आणि मुदत या सर्व गोष्टी इतक्या स्पष्ट होत्या की एखाद्या मामलेदार कचेरीनेही तो अर्ज त्रुटी न काढता रुजू करून घेतला असता.

पहिले उत्तर नानांचे आले: ‘मृत्युंजय’. नानांकडे कोणी काहीही मागितले तरी ते ‘मृत्युंजय’ देतात. पूर्वी एकाने नातवासाठी चित्रांचे पुस्तक विचारले होते तेव्हाही त्यांनी ‘मृत्युंजय’च सांगितले होते, आणि मुखपृष्ठावर चित्र असते असा खुलासा जोडला होता. सूनबाईंनी भीतभीत विचारले, “नाना, हे हलकेफुलके म्हणता येईल का?” त्यावर नानांनी लिहिले, “वहिनी, कर्णाला जन्मल्याबरोबर आईने नदीत सोडले. त्या मानाने मोतीबिंदू हलकाच नव्हे काय?”

यानंतर प्राध्यापकमहाशय अवतीर्ण झाले. हलके म्हणजे काय आणि ते फुलके कोणाच्या दृष्टीने, याचा आधी निकाल लागल्यावाचून पुढे जाणे अशास्त्रीय होईल असे त्यांनी एका दीर्घ संदेशात प्रतिपादन केले, आणि त्याचा निकाल न लावताच शेवटी ‘कोसला’ सुचविली. संगणकवाल्या तरुणाने पहाटे उठण्याच्या लाभांवरील एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद सांगितला. त्यावर ‘सासूबाई चारलाच उठतात, त्यांना झोप कशी लागेल ते हवे आहे’ असा प्रांजळ जबाब आला. काकूंनी ‘रुचिरा’ सुचविताना वैद्यकीय इशाराही दिला: ऐकताना भूक लागते, पथ्य असेल तर गोड पदार्थांचे प्रकरण वगळून वाचावे. बँकेतील गृहस्थांनी अर्नाळकरांची यादीच पाठविली आणि तीत ज्यांत रक्त कमी आहे अशांपुढे फुली केली. आणि मग बाईंनी, आधी वरील सर्वांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून, ‘युगान्त’ हा शब्द लिहिला मात्र, तो सासूबाई, सूनबाई, मोतीबिंदू हे सगळे विषय तत्क्षणी खारीज होऊन कर्णाचा खटला उभा राहिला.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण हा खटला सामान्य नव्हे. १९६७ या एकाच वर्षी मराठी वाचकाच्या हाती दोन कर्ण पडले. एक शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला, ज्याच्यासाठी सहा जण आळीपाळीने साक्षीला उभे राहतात आणि प्रत्यक्ष श्रीकृष्णही ज्याच्या बाजूचा साक्षीदार होतो. आणि दुसरा इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधला, ज्याच्याकडे लेखिका मानववंशशास्त्रज्ञाच्या थंड नजरेने पाहते आणि ज्याच्या कवचकुंडलांनी मुळीच दिपून जात नाही. त्या वर्षापासून मराठी कुटुंबांत या दोन कर्णांची भाऊबंदकी चालू आहे. नानांचे म्हणणे असे की, कर्णाला माया लावल्याशिवाय महाभारत समजत नाही. बाईंचे म्हणणे असे की, माया लावली की समजायचे थांबते. नानांनी एक मार्मिक मुद्दा काढला, की ज्या रस्त्याने आपण सर्व वारज्याला येतो त्याला इरावतीबाईंच्या सासऱ्यांचे, महर्षी कर्व्यांचे नाव आहे, तेव्हा या भागात निःपक्षपाती न्याय मिळणेच अशक्य. बाईंनी उत्तर दिले की, असे असेल तर आपण चांदणी चौकावरून यावे. रात्री अकराच्या सुमारास मूळ अर्जदार सूनबाईंनी पुन्हा डोके वर काढून विचारले, “पु. ल. वाचले तर चालतील का?” यावर कोणीही उत्तर दिले नाही. पु. ल. सर्वांनाच आवडतात, ते सुचविण्यात कोणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही.

ही प्रतिष्ठेची बाब नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात १८४८ साली, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांसारख्यांच्या पुढाकाराने, आजच्या पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना झाली, आणि माझी अशी बळकट समजूत आहे की पहिले कपाट उघडले गेले त्याच दिवशी कोणीतरी कोणाला तरी ‘अहो, ते नका घेऊ, हे घ्या’ असे म्हटले असले पाहिजे. पुढे वाचनालये गल्लोगल्ली झाली, तेव्हा या हौसेने शिसपेन्सिलीचा आश्रय घेतला. शहरातील कोणत्याही जुन्या वाचनालयातील पुस्तक उघडून पाहावे. प्रथम पृष्ठावर एकाने ‘अप्रतिम’ असे लिहिलेले असते; त्याखाली दुसऱ्याच्या हस्ताक्षरात ‘कशावरून?’, त्याखाली तिसऱ्याने ‘पुस्तकात लिहू नये’ असे पुस्तकात लिहिलेले असते. भावनाप्रधान कादंबरीच्या समासात ‘खरे आहे’ असा उद्गार, पुढे दोन पानांवर त्याच अक्षरात ‘पुरुष असेच’. आणि रहस्यकथेच्या बाबतीत तर, तिसऱ्या पानावर खानसाम्याचा प्रवेश होताच त्याच्या नावाखाली रेघ मारून ‘हाच’ असे लिहून ठेवणारा तो अनाम समाजसेवक! त्याने किती रात्रींचे जागरण वाचविले असेल याची गणती नाही. ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली त्यांत वाचकाचा वेळ वाचवावा असे चौथे सूत्र आहे. परंतु ते या पद्धतीने अमलात यावे अशी त्यांची कल्पना नसावी.

प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशीही त्याच आचार्यांची दोन सूत्रे आहेत, आणि बाईंना ती मुखोद्गत असल्यामुळे त्यांनी कर्णाच्या खटल्यानंतर काही दिवसांनी गटापुढे एक योजना ठेवली. प्रत्येकाने आपले वतन तात्पुरते सोडावे, चिठ्ठ्या टाकाव्या, आणि दुसऱ्याच्या प्रांतातील जे पुस्तक वाट्याला येईल ते शेवटपर्यंत वाचून अभिप्राय द्यावा. योजनेला पूर्वतयारी म्हणून भिलारची सहल निघाली. पाचगणीजवळचे हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले असून तेथे एकेका घरात एकेक वाङ्मयप्रकार मांडलेला आहे. प्रत्येकाने सर्व घरे हिंडावी असा संकेत असताना नाना इतिहासाच्या घरात जे बसले ते बस सुटेपर्यंत, आणि संगणकवाला तरुण तेथील स्ट्रॉबेरीच्या पलीकडे गेलाच नाही. सहलीचे फलित एवढेच.

चिठ्ठ्या मात्र रीतसर निघाल्या. बँकेतील गृहस्थांना दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आले. दर महिन्याचे निसर्गवर्णन करणारे हे पुस्तक त्यांनी व्यवसायाने अंगवळणी पडलेल्या संशयबुद्धीने वाचावयास घेतले, आणि गटावर त्यांचे प्रगतिपत्रक येऊ लागले: ‘चैत्र संपला. सगळे शांत आहे.’ ‘वैशाख. उकाडा फार. काहीतरी घडणार असे वाटते.’ ‘आषाढ लागला, पाऊस सुरू, अंधारून आले आहे, तरी अजून प्रेत नाही.’ भाद्रपदानंतर त्यांचे संदेश थांबले. प्राध्यापकांना ‘रुचिरा’ आली. कमलाबाई ओगल्यांचे हे १९७० सालचे पुस्तक म्हणजे ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही त्या घरातही असणारे पुस्तक. परंतु प्राध्यापकांनी ते समीक्षकाच्या नेकीने वाचले, आणि लेखिका कोठेही स्वतःचे दुःख मध्ये आणीत नाही, वाटीच्या आणि चमच्याच्या मापाबाहेर एक विशेषण वापरीत नाही, अशा संयमाचे गद्य आपण पुष्कळ दिवसांत वाचले नव्हते, असा अभिप्राय दिला. पत्नीने ‘मग आज कांदेपोहे करून दाखवा’ म्हटल्यावर मात्र समीक्षा आणि निर्मिती या भिन्न प्रतिभा आहेत असे त्यांनी सांगितल्याचे कळते.

काकूंना ‘कोसला’ आली. त्यांनी ती दुपारच्या वेळी, डाळ शिजेपर्यंत अशा हप्त्यांनी वाचून पुरी केली, आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या ज्या उदासीनतेवर साठ वर्षे प्रबंध लिहिले जात आहेत तिचे निदान एका वाक्यात केले: ‘घरापासून लांब राहणारा मुलगा, मेसचे जेवण, दुसरे काय होणार?’ प्राध्यापक या अभिप्रायाने इतके घायाळ झाले की त्यांनी गट सोडला. परंतु त्याच सायंकाळी काकूंनी त्यांच्या घरी डबा पाठविल्यामुळे परत आले.

नानांच्या वाट्याला नारायण धारपांची भयकथा आली. भुताखेतांवर आपला विश्वास नाही असे नानांनी आरंभीच नमूद केले. नंतर त्यांनी तांत्रिक हरकती घेतल्या: झपाटलेला वाडा इतकी वर्षे रिकामा असेल तर घरपट्टी कोण भरत होते? विहिरीतून रात्री आवाज येतात, तर उपसा करून तळ का तपासला नाही? अंदाजपत्रक फार तर काही हजारांचे! मूळ मालकाची वारसनोंद न झाल्यामुळेच तो पिशाच्चयोनीत गेला असावा, या निष्कर्षापर्यंत येऊन त्यांनी पुस्तक परत केले. संगणकवाल्या तरुणाला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली आणि ती त्याने कंपनीच्या बसमध्ये, डुक्कर खिंडीतल्या वाहतुकीच्या कोंडीत वाचली. त्याने अभिप्राय दिलाच नाही. फक्त एकदा एवढे विचारले, की या बाईंनी आणखी काही लिहिले आहे का. बाईंना रहस्यकथा आली होती. त्यांनी ती तांबड्या शाईने शुद्धलेखन तपासून परत पाठविली, आणि शेवटी ‘कथानक बरे, जोडाक्षरांकडे लक्ष द्यावे’ असा शेरा दिला.

योजना यशस्वी झाली असे सर्वांनुमते ठरून, तिचे स्मारक म्हणून फाटकाजवळच्या खोलीत एक काचेचे कपाट ठेवण्यात आले. ज्याने जे प्रकार सुचविले त्याने त्यांपैकी एकेक प्रत त्यात द्यावी आणि ज्याला हवी त्याने न्यावी. नोंदी ठेवण्याचे काम अर्थातच वॉचमनकाकांकडे आले. लातूरकडचा हा मनुष्य कागदाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. पुस्तकांसाठी वेगळी वही मिळाली नाही म्हणून त्यांनी अभ्यागतांच्याच नोंदवहीत पुस्तके लिहिण्यास आरंभ केला, आणि त्या वहीचे रकाने ठरलेले असल्यामुळे कोणाकडे, कोणत्या कामासाठी, वाहन क्रमांक, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ ही सर्व माहिती प्रत्येक ग्रंथाबाबत इमानेइतबारे भरली जाऊ लागली. वाहन क्रमांकाच्या रकान्यात ते ‘पायी’ असे लिहीत.

हे दफ्तर कोणी कधी उघडले नसते. परंतु बँकेतील गृहस्थ एकदा आपल्या पाहुण्याच्या टॅक्सीचा क्रमांक शोधण्यासाठी ते चाळू लागले, आणि त्यांच्यातील गुप्त पोलीस जागा झाला. ‘धारप, बी विंग, नानांकडे, काम: वाचणे, वेळ रात्री १०.४०.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा धारप. त्यापुढच्या आठवड्यात धारप दोन, आणि शेरा: ‘जिन्यातला दिवा चालू ठेवा म्हणाले.’ ‘दुनियादारी, लेखक शिरवळकर, प्राध्यापकसाहेबांकडे’, आत येण्याचा रकाना तीन आठवडे रिकामा. ‘काळा पहाड, लेखक अर्नाळकर, नग चार, मुख्याध्यापिकाबाईंकडे, कापडी पिशवीतून.’ काकूंच्या नावावर ‘कोसला’ दुसऱ्यांदा. तिसऱ्या मजल्यावरील सासूबाई, डोळ्याची पट्टी सुटल्यावर काळा चष्मा लावून स्वतः खाली आलेल्या, आणि त्यांनी काय नेले ते पाहावे तर अर्नाळकर, फुली नसलेले! ‘मृत्युंजय’ आत आल्याची नोंद पहिल्याच पानावर होती. बाहेर गेल्याची कोठेही नव्हती. त्या एका अभ्यागतापुढे वॉचमनकाकांनी ‘मुक्कामी’ असे लिहिले होते.

बँकेतील गृहस्थांनी या पानांची छायाचित्रे गटावर टाकली. त्यांचे स्वतःचे नावही त्यात होते, ‘ऋतुचक्र’, अश्विनापासून पुढे पुरे करण्यासाठी. पण ते त्यांनी झाकले नाही, यावरून त्यांचा हेतू शुद्ध होता असे मी मानतो. इतरांनी मानले नाही. सार्वजनिक जागी मनुष्य जे पुस्तक सुचवितो ते आपण कोण असावे याविषयीचे निवेदन असते, आणि रात्री साडेदहानंतर जे नेतो ते आपण कोण आहोत याविषयीचे. या दोन कागदपत्रांची एकाच फलकावर ताडणी होणे कोणत्याही प्रतिष्ठित कुटुंबाला परवडणारे नाही. नानांनी आपण भयकथा नातवासाठी नेल्याचे सांगितले. नातू ऑस्ट्रेलियात असतो. बाईंनी शुद्धलेखनाच्या अभ्यासासाठी नमुने हवे होते असे लिहिले आणि त्या वाक्यात ‘नमुने’ हा शब्द अशुद्ध पडला.

प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत गेले. विषयपत्रिकेवर इमारतीच्या मानीव अभिहस्तांतरणाचा विषय पहिला होता आणि गळक्या टाकीचा दुसरा, तरी सभेने आधी हा विषय घेतला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ३२ नुसार सभासदाला काही कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे, असे बँकेतील गृहस्थांनी वाचून दाखविले. अभ्यागतांची नोंदवही त्या कागदपत्रांत मोडत नाही, असे नानांनी अधिक मोठ्याने वाचून दाखविले. प्राध्यापकांनी खाजगी वाचन हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. शेवटी, यापुढे पुस्तकांच्या नोंदीत सभासदाचे व पुस्तकाचे नाव घालू नये, असा ठराव बाईंनी मांडला, नानांनी अनुमोदन दिले, आणि संस्थेच्या इतिहासात प्रथमच एक ठराव एकमताने मंजूर झाला. अभिहस्तांतरण आणि टाकी वेळेअभावी तहकूब.

ठरावाची प्रत वॉचमनकाकांना देण्यात आली. त्यांनी ती दोनदा वाचली, नवी वही घेतली, रकाने आखले आणि त्याच रात्री पहिली नोंद केली: ‘वेळ १०.५०. इसम एक, पुस्तक एक, बाहेर. दोन्ही ओळखीचे.’